धबधब्याची चोरी

१

धबधबा बंद पडला तेव्हा धाकटीच्या सगळ्या चादरी साबणात होत्या.

सगळ्या गावाचं पोट त्या धबधब्यावर. कड्यावरून तो थेट गावाच्या डोक्यावर पडल्यासारखा खाली यायचा आणि त्याला बघायला बसगाड्या भरभरून माणसं यायची. कुणी खोल्या भाड्यानं द्यायचं, कुणी चहा विकायचं, कुणी फोटो काढून द्यायचं. बारा महिने वाहणारा हा धबधबा गेल्या आठवड्यात एकाएकी आटला आणि गावाची पाचावर धारण बसली. माणसं बसमधून उतरायची, कोरड्या काळ्या कातळाकडे बघायची, ड्रायव्हरशी हुज्जत घालायची आणि घोटभर चहाही न घेता परत फिरायची.

आज उजाडताना पाणी परत आलं होतं. नेमका धुण्याचा दिवस. गावातल्या सगळ्या लॉजच्या चादरी धबधब्याखालच्या घाटावर एकच मावशी धुवायची. अदलाबदल नको म्हणून प्रत्येक घराच्या चादरींना वेगळ्या रंगाचा काठ. पाणी आल्याची बातमी कळताच घरोघरचे गठ्ठे धावतपळत घाटावर आले. मावशीनं एक गठ्ठा उरकून दोरीवर टाकला, दुसरा धाकटीचा, निळ्या काठाचा, साबणात घेतला, आणि वरचं पाणी थांबलं.

"मेल्या, आत्ताच मरायचं होतं का तुला?" मावशी धबधब्याला म्हणाली. "मागच्या धुण्यालाही असाच गंडवलास!"

धाकटी ओल्या पायरीवर मटकन बसली. नवरा गेल्यावर हिनं एकटीनं चार खोल्यांचं लॉज उभं केलं होतं. तिच्या शेजारी बादली धरून उभ्या होत्या तिच्या थोरल्या बहीणबाई. उभा जन्म पोलिसात काढून, रिटायर होऊन, बहिणीकडे राहायला आलेल्या. गावानं त्यांचं नाव कधी विचारलंच नाही. फौजदारबाई म्हटलं की झालं.

"संपलं गं ताई," धाकटी म्हणाली. "पुढच्या धुण्याच्या दिवशी सभा. पठारावरच्या हॉटेलवाल्यांशी करार होणार. ते म्हणे पंप बसवून धबधबा चालू करणार. बदल्यात कडा त्यांचा, वाट त्यांची, तीस वर्षं. बसगाड्या नव्या रस्त्यानं परस्पर वर जाणार. तिकीट तिथं, चहा तिथं, मुक्काम तिथं. पैसा जाणार कुठल्या तरी लांबच्या शहरातल्या मालकाकडे, आणि आपण त्यांच्याकडे टॉवेलच्या घड्या घालायच्या. माझ्या खोल्यांत काय उंदीर मुक्कामाला येणार?"

"रडणं नंतर. आधी सांग, पाणी थांबलं कसं ते पाहिलंस?"

"कसं म्हणजे? थांबलं!"

"तेच तर. झरा आटतो तेव्हा धार बारीक होते, ठिबकते, दिवसचे दिवस कण्हते. हे पाणी नळ बंद केल्यासारखं थांबलं." फौजदारबाईंनी बादली खाली ठेवली. "धाकटे, तुझा धबधबा आटलेला नाही. कुणीतरी चोरलाय."

२

कड्यावर जाणाऱ्या पायवाटेला लाल फीत लावली होती. 'दरडीचा धोका, पुढे जाऊ नये.' पाटी हॉटेलची. झरा जमिनीत मुरला असं सांगणारा तज्ज्ञही हॉटेलनंच आणलेला. फौजदारबाईंनी फितीकडे पाहिलं, आपल्या गुडघ्यांना दोन शिव्या दिल्या आणि दुसऱ्या वाटेनं, जुन्या पाणचक्कीच्या परसातून वर निघाल्या.

परसात पोचतात तो नाकात जळका वास शिरला.

चक्कीवाले काका जात्यांपाशी डोक्याला हात लावून बसले होते. नुकतीच दाढी केलेली, गालाला पांढरा साबण अजून तसाच. दाराशी पिठाच्या पिशव्या. वर्षानुवर्षं बंद असलेल्या चक्कीत ताजं पीठ!

"काका," फौजदारबाई दारातूनच म्हणाल्या, "चक्की कधीपासून चालू झाली?"

"तुला काय करायचंय?"

"धबधबा बंद झाल्यापासून ना?"

काकांनी मान वर केली. या म्हाताऱ्याला पर्यटक म्हटले की कपाळशूळ उठायचा. त्याच्या परसात बसून डबे खातात, आरडाओरडा करतात, झाडावर नावं कोरतात. रागाच्या भरात तो गावभर म्हणत फिरायचा, एकदा हा धबधबा आटू दे म्हणजे कटकट संपेल.

"पाणी आपणहून माझ्या पाटात आलं," काका म्हणाले. "एका सकाळी उठलो तर चाक फिरतंय! मी का नको म्हणू?"

"कुठून आलं ते बघायला गेला नाहीत?"

"नाही गेलो," काका आढ्याकडे बघत म्हणाले. "गेलो असतो तर थांबवावं लागलं असतं."

फौजदारबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. "आणि हा वास कसला?"

त्याबरोबर म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. त्यानं जात्याच्या दगडावरून हात फिरवला. दगड खरवडून निघाला होता, टाकीचे घाव पार गुळगुळीत झालेले. "सकाळी पाणी नव्हतं म्हणून दाढी करायला खाली गेलो. वरच्या पेटीत दाणा नाही. आणि पाठीमागं पाणी आलं! दगडावर दगड फिरला. माझ्या बापाच्या हातचे दगड हे."

चक्कीच्या मागं कड्याचं वळण होतं. फौजदारबाई वळण ओलांडून गेल्या आणि थबकल्या. ओढ्याच्या पात्रात दोन जाडजूड फळ्या आडव्या बसवल्या होत्या. वरून गवताची ढेकळं रचलेली, लांबून बघणाऱ्याला दरड वाटावी अशी. फळ्यांना थटून अख्खा ओढा वळत होता आणि काकांच्या पाटात शिरत होता.

त्यांनी फळीला हात लावला, मग काढून घेतला. आज फळ्या काढल्या तर उद्या तो दुसरं काहीतरी करील. पाणी मिळेल, चोर सुटेल. आणि चोर गावातलाच असला तर?

३

"सभेपर्यंतचा वेळ देते," नगराध्यक्षा म्हणाल्या. सकाळपासून लोकांची बोलणी खाऊन त्यांचा घसा बसला होता. "त्यानंतर माझ्या हातात काही नाही. लोक उपाशी मरायला लागलेत फौजदारबाई. दोरखंड म्हणून साप दिला तरी धरतील."

"तेवढा वेळ पुरे. फळ्यांबद्दल मात्र तुमच्या सावलीलाही सांगू नका."

मग त्या पठारावर गेल्या. हॉटेलचा मॅनेजर गुळगुळीत माणूस. बोलणं गुळगुळीत, टेबल गुळगुळीत, बूटसुद्धा तसेच.

"आम्हाला तर गावाची फार काळजी आहे हो," तो हसून म्हणाला. "प्रत्येक घरातल्या एकाला नोकरी देणार आम्ही."

"कसली?"

"हाउसकीपिंग वगैरे."

"म्हणजे आत्ता ज्या बाया स्वतःच्या खोल्या झाडतात त्यांनी तुमच्या झाडायच्या. बरं, ते राहू दे. एक सांगा, गावातल्या लॉजच्या चादरी कोणत्या दिवशी धुतात?"

मॅनेजरनं डोळे मिचकावले. "रोजच ना? आमच्या तर ट्रकनं शहरात जातात, मशीनवर." थोडा विचार करून त्यानं विचारलं, "का? गावात मशीन नाही?"

खोटं बोलताना हा माणूस हसायचा, हे फौजदारबाईंनी एव्हाना टिपलं होतं. आत्ता तो हसला नव्हता. याला खरंच माहीत नव्हतं.

खाली चौकात लॉजवाल्यांचे सेक्रेटरी भाषण ठोकत होते. गोड माणूस, बोलायला बसला की तास निघून जावा. गावाच्या अडचणीत सगळ्यात पुढे तेच. डोळ्यांत पाणी आणून सांगत होते, "मलाही दुःख आहे! पण पोराबाळांकडे बघा. सही करू या. दुसरा इलाज नाही!"

फौजदारबाईंनी त्यांना बाजूला घेतलं. "कुठंतरी पाणी मुरतंय सेक्रेटरी. तुम्हाला कुणाचा संशय?"

सेक्रेटरींनी इकडंतिकडं पाहिलं, आवाज खाली आणला. "मी कुणाचं नाव घेणार नाही हो. म्हातारा माणूस आहे, जाऊ दे. पण चक्की चालू आहे म्हणतात."

"असं? आणि धुण्याचा दिवस कुठला हो? मला मेलीला लक्षात राहत नाही."

"तो बायकांचा प्रांत!" सेक्रेटरी हसले. "मला काय ठाऊक?"

४

मावशी घाटावर कोरड्या दगडाला पाठ टेकून बसली होती. साबण वाळून चादरींचे पापड झाले होते.

"मागच्या धुण्यालाही पाणी आलं होतं म्हणालीस," फौजदारबाई म्हणाल्या.

"आलं की. उजाडता आलं आणि बसगाड्यांच्या आधी गेलं. तेवढ्यात एक गठ्ठा हातावेगळा झाला बघ."

"कुणाचा?"

"सेक्रेटरींचा. पिवळ्या काठाचा. बारा खोल्या त्यांच्या, गठ्ठा म्हणजे डोंगर!"

"आणि आज?"

"आजही त्यांचाच झाला." मावशी थांबली. "खरं म्हणजे आज पहिला नंबर तुझ्या बहिणीचा होता. पण वहिनींचा, सेक्रेटरींच्या मंडळींचा, गठ्ठा आदल्या संध्याकाळीच घाटावर येऊन पडला होता, म्हटलं घ्यावा आधी."

फौजदारबाईंनी कान टवकारले. "आदल्या संध्याकाळी? कडा ठणठणीत कोरडा असताना?"

"तर काय! बाकी सगळ्यांचे गठ्ठे घरीच होते. पाणीच नाही तर आणून करायचं काय?"

तिथून त्या थेट सेक्रेटरींच्या घरी. वहिनी पिवळ्या काठाच्या चादरींना इस्त्री करत होत्या. साधी, कष्टाळू बाई, चुकीला मात्र माफी नाही. नवऱ्यानं मळके पाय घेऊन खोलीत पाऊल टाकलं तर पाऊल धुऊन परत टाकायला लावणारी.

"नशीबवान गं तू," फौजदारबाई म्हणाल्या. "गावात फक्त तुझ्याच चादरी स्वच्छ. माझ्या बहिणीच्या बघ, साबणात सुकल्या."

"नशीब कसलं! आमच्या ह्यांना काळजी फार. स्वतः गठ्ठा पाठीवर टाकून घाटावर नेऊन ठेवतात. मी म्हटलं पाणी कुठाय, तर म्हणाले, तू पहिला नंबर लाव, देव बघेल." वहिनींनी इस्त्री उभी केली. "चादरी नसल्या तर मी घर डोक्यावर घेते ना, म्हणून."

फौजदारबाई चहा न घेताच उठल्या. पुन्हा घाट गाठला.

"मावशे, पुढच्या धुण्याला मी सांगते त्या क्रमानं धू. सगळ्यांच्या चादरी आधी. पिवळा काठ शेवटी."

"बरं. आणि मग शेवटी पिवळ्या धुवायच्या?"

"छे गं," फौजदारबाई म्हणाल्या. "पिवळ्या धुवायच्याच नाहीत."

५

सभेचा दिवस उजाडला आणि पाणी आलं. भल्या पहाटेपासून मावशीचा दणका चालू. हिरवा काठ झाला, तांबडा झाला, निळा झाला. दोऱ्या भरत चालल्या. पिवळा गठ्ठा कोपऱ्यात जसाच्या तसा.

चक्कीच्या माळ्यावर, गुडघ्यांमुळे काका वर्षानुवर्षं जिथं चढले नव्हते तिथं, वळणापलीकडचा ओढा दाखवणाऱ्या खिडकीच्या फटीला डोळा लावून दोन बाया बसल्या होत्या. एक फौजदारबाई, दुसऱ्या नगराध्यक्षा. पदराला पीठ लागलेलं, मुंग्या आलेल्या पायांवर बसलेल्या.

"अहो, अकराला सभा," नगराध्यक्षा कुजबुजल्या. "हॉटेलचे मालक खास गाडीनं यायचेत. मीच नाही म्हटल्यावर बोंब होईल."

"होऊ दे. ते बघा."

कड्याच्या वळणावरून एक माणूस आला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बूट हातात. काठावर काढून ठेवलेल्या फळ्यांशेजारी येऊन तो बसला आणि खाली घाटाकडे बघू लागला. सेक्रेटरी!

नगराध्यक्षांनी तोंडावर हात दाबला.

सेक्रेटरी बसले. उठले. घड्याळ पाहिलं. खाली वाकून दोऱ्या निरखल्या. पुन्हा बसले. खाली गुलाबी काठ दोरीवर चढला. सेक्रेटरींनी कपाळावर हात मारला. मग जांभळा चढला. सेक्रेटरी चक्क मावशीला खालच्या आवाजात शिव्या देऊ लागले. ती बिचारी खाली, तिला ऐकू कसं जाणार?

आणि मग दरीत हॉर्न वाजला. बसगाड्या! एकापाठोपाठ एक, आणि त्यांच्यामागं हॉटेलच्या मालकांची चकचकीत काळी मोटार. धबधबा भरात आलेला, उन्हात झळाळत होता. आता पाणी थांबलं नाही तर कराराचं कारणच संपणार होतं. थांबलं तर बारा खोल्यांच्या चादरी कोरड्या गठ्ठ्यात, आणि घरी वहिनी.

सेक्रेटरींनी एकदा घाटाकडे पाहिलं. एकदा काळ्या मोटारीकडे. मग दात-ओठ खात पहिली फळी उचलली.

"सेक्रेटरी!" माळ्याची खिडकी धाडकन उघडली. "अहो, वहिनींच्या चादरी राहिल्यात अजून!"

फळी पाण्यात पडली आणि तिच्यामागं सेक्रेटरी.

६

सभा कड्याखालच्या मोकळ्या जागेत होती. गाव झाडून आलं होतं. धबधब्याच्या आवाजात कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं आणि त्याची कुणाला तक्रारही नव्हती. नखशिखांत भिजलेले सेक्रेटरी मध्ये उभे. हॉटेलचे मालक घाम पुसत होते. मॅनेजर हसत होता.

"पाणी पाटात वळलं तेव्हा पहिला संशय काकांवर," फौजदारबाई ओरडूनच सांगत होत्या. "चक्की यांची, राग यांचा, पीठही यांच्याच दारात. पण गेल्या धुण्याच्या सकाळी पाणी पाटात परत आलं तेव्हा दाण्याची पेटी रिकामी होती. दगडावर दगड फिरून जातं खराब झालं. आपल्या हातानं पाणी सोडणारा चक्कीवाला आधी दाणा ओततो. फळ्या टाकणाऱ्याला चक्कीतलं ओ की ठो कळत नव्हतं."

काकांनी नाक पुसलं.

"मग हॉटेल. फायदा त्यांचा, फीत त्यांची, तज्ज्ञही त्यांचा. पण पाणी फक्त धुण्याच्या सकाळी का सुटायचं? हॉटेलला आपला धुण्याचा दिवसच माहीत नाही. तो पाळणारा माणूस गावातला हवा. आणि पाणी थांबायचं कधी? दोन्ही वेळा, पिवळा काठ दोरीवर चढला की! वरून घाट स्वच्छ दिसतो. सेक्रेटरी, धुण्याचा दिवस ठाऊक नाही म्हणालात, आणि कडा कोरडा असताना आदल्या संध्याकाळी स्वतःच्या पाठीवरून गठ्ठा घाटावर टाकलात. उद्या पाणी येणार हे सगळ्या गावात एकट्या तुम्हाला माहीत होतं!"

मग सेक्रेटरी भडकले.

"हो, टाकल्या फळ्या! बारा खोल्या बांधल्या मी! आणि गावाची पद्धत काय, तर पाहुणा आला की पाळीनं. एक तुझ्याकडे, एक माझ्याकडे. चार खोल्यांची पाळी तेवढीच आणि बाराचीही तेवढीच! माझ्या खोल्या धूळ खातात. हॉटेलवाले म्हणाले, करार होऊ दे, आमचा जादा पाहुणा कायम तुझ्याकडे. काय चुकलं माझं?"

धाकटी पुढे आली. बोलताना एकही शब्द अडला नाही. "पाळी चुकीची वाटली तर इथं येऊन भांडायचं होतंत. मी भांडले असते तुमच्याशी, कदाचित हरलेही असते. पण तुम्ही आमचा नंबर कमी नाही केलात भाऊजी, आमचं ताटच उचलून दिलंत. ह्यांच्या रस्त्यानं वर गेलेला पाहुणा चहावाल्याला दिसला नसता, फोटोवाल्याला दिसला नसता. तुम्हाला खरकटं मिळालं असतं, तेही त्यांच्या मर्जीनं."

हॉटेलचे मालक खाकरले. "आम्हाला यातलं काही माहीत नाही. तरी करार अजूनही..."

"कसला करार?" नगराध्यक्षा म्हणाल्या. बसलेला घसा कुठल्या कुठं गेला होता. "तुम्ही पाणी आणून देणार होतात ना? हे बघा, आलं! ज्यांना कडा विकायचाय त्यांनी हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. सेक्रेटरींचासुद्धा नाही, कारण वहिनींनी तो घट्ट धरून ठेवला होता.

"आमच्या बारा खोल्या पाळीत राहतील," वहिनी म्हणाल्या. "सगळ्यात शेवटच्या नंबरानं. आणि काकांचे दगड आमच्या खर्चानं नवे होतील. हे स्वतः टाकी घेऊन बसतील शेजारी." मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "बाकीचं घरी."

अशा टाळ्या पडल्या की बसमधून उतरलेल्या माणसांना काहीतरी कार्यक्रम चालू आहे असं वाटलं. त्यांनीही वाजवल्या. वरची लाल फीत कुणीतरी तोडून आणली होती, ती चहावाल्यानं किटलीच्या कडीला बांधली. काका एका पर्यटकाला खडसावून सांगत होते की परसात डबा खायचा असेल तर आधी चक्की बघावी लागेल, पूर्ण, मध्ये उठायचं नाही. पर्यटक आनंदानं कबूल झाला, आणि काकांनी त्याचा डबा स्वतःच उचलून घेतला.

संध्याकाळी फौजदारबाई गुडघ्यांना तेल लावत पलंगावर पाय पसरून बसल्या होत्या. दार धाडकन उघडलं. धाकटी दारात, केस विस्कटलेले, काखेत चादरींची चवड, चेहरा लालेलाल.

"ताई, ऊठ."

"आता काय चोरीला गेलं?"

"काही नाही गं! चारही खोल्या भरल्या. एक कुटुंब अजून अंगणात उभं आहे, म्हातारी आहे बरोबर, परत कसं पाठवू? तुझी खोली दिली त्यांना."

उभ्या नोकरीत फौजदारबाईंना कुणी खुर्चीवरून उठवलं नव्हतं. मंत्र्यांनी नाही, साहेबांनी नाही. त्यांनी बहिणीकडे पाहिलं. मुकाट्यानं उशी काखेत मारली आणि हसत हसत स्वयंपाकघरात झोपायला निघाल्या.